खिशातला फोन आणि कचेरीचे जाळे



या सभागृहातील बहुतेक फोन उद्या सकाळी कोणत्या ना कोणत्या कचेरीच्या, बँकेच्या, शाळेच्या, रुग्णालयाच्या किंवा कारखान्याच्या वायफायला आपोआप जोडले जातील. त्या फोनची मालकी कर्मचाऱ्याची असेल, त्याचे पैसे कर्मचाऱ्याने भरलेले असतील, त्यात घरच्यांचे फोटो आणि मुलांनी उतरवून घेतलेले खेळ असतील. आणि त्याच फोनवर संस्थेची ईमेल येत असेल, ग्राहकांच्या आधार कार्डांचे फोटो साठलेले असतील, संस्थेच्या संगणकप्रणालीत शिरण्यासाठी लागणारा ओटीपीही तिथेच उमटत असेल. असा फोन संस्थेचा मानायचा की कर्मचाऱ्याचा? त्यात कोणी परका शिरला किंवा तो हरवला, तर जबाबदारी कोणाची? आणि जबाबदारी संस्थेची असेल, तर दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूत डोकावण्याचा तिचा अधिकार कुठवर पोचतो? या तीन प्रश्नांची उत्तरे बहुतेक संस्थांनी कागदावर लिहिलेली नाहीत, आणि जे लिहिलेले नाही ते अडचणीच्या दिवशी सर्वांत दुबळ्या कर्मचाऱ्याच्या अंगावर येते. म्हणून हा विषय संगणकतज्ज्ञांच्या खोलीतून बाहेर काढून अशा सभागृहात मांडणे आवश्यक ठरते.

ही परिस्थिती कशी निर्माण झाली, ते थोडक्यात पाहणे उपयोगी पडेल. परदेशातील मोठ्या कंपन्यांत आरंभी कंपनीच कर्मचाऱ्याला फोन देत असे. तो फोन कंपनीचा, त्यावरील बंधने कंपनीची, आणि नोकरी सुटली की फोन परत, असा साधा व्यवहार होता. २००७ मध्ये आयफोन आणि २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आल्यानंतर कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या खिशातला फोन कंपनीने दिलेल्या फोनपेक्षा सरस ठरू लागला, आणि लोकांनी तोच कामाला वापरण्याचा आग्रह धरला. कंपन्यांनी विरोध केला, मग अटी घातल्या, मग नियमावल्या लिहिल्या. भारतातील बहुसंख्य संस्थांच्या बाबतीत मात्र पहिला टप्पा कधी आलाच नाही. येथे संस्थेने फोन दिला नाही, म्हणून तो परत घेण्याची वेळ आली नाही, म्हणून नियम करण्याची गरजही कोणाला जाणवली नाही. कर्मचाऱ्याचा फोन पहिल्या दिवसापासून गृहीत धरला गेला. शिक्षकाने हजेरी स्वतःच्या फोनवर भरावी, शाखाधिकाऱ्याने वसुलीचा अहवाल स्वतःच्या फोनवरून पाठवावा, रुग्णालयातील निवासी डॉक्टरने क्ष-किरणाचे चित्र स्वतःच्या फोनवरून वरिष्ठांना दाखवावे, हे इतके अंगवळणी पडले की त्यात काही ठरवायचे बाकी आहे, हेच विस्मृतीत गेले.

प्रस्तुत व्याख्यानाची मांडणी एका विधानाभोवती उभी आहे. संस्थेने आपल्या जाळ्याची रचना अशी करावी, की जोडल्या जाणाऱ्या कोणत्याही फोनवर विश्वास ठेवण्याची तिला गरज पडू नये. यंत्रावर असा पुरता अविश्वास ठेवला, तरच यंत्र वापरणाऱ्या माणसावर पुरता विश्वास ठेवणे परवडते. आज बहुतेक ठिकाणी याच्या नेमके उलटे चालते. फोन बिनदिक्कत आत घेतला जातो, आणि काही घडले की संशय माणसावर घेतला जातो.

प्रथम धोक्याचे स्वरूप. फोन संस्थेला धोक्यात आणतो म्हणजे नेमके काय करतो? एक म्हणजे फोनमध्येच घातक प्रणाली शिरते. या बाबतीत २०२३ मधील एक प्रकरण फार बोलके आहे, कारण ज्यांच्यावर हल्ला झाला ते स्वतःच सुरक्षातज्ज्ञ होते. कॅस्परस्की या विषाणूप्रतिबंधक प्रणाली बनवणाऱ्या रशियन कंपनीने १ जून २०२३ रोजी जाहीर केले, की तिच्याच कर्मचाऱ्यांच्या अनेक आयफोनमध्ये हेरगिरीची प्रणाली सापडली आहे. हल्ल्याची रीत अशी होती: आयमेसेजद्वारे एक अदृश्य संदेश येई, त्यासोबत एक फाइल असे, आणि फोनधारकाने काहीही न उघडता, कशावरही बोट न ठेवता ती फाइल आपले काम सुरू करी. त्यानंतर तो संदेशही पुसला जाई. फोनचा मायक्रोफोन, त्यातील छायाचित्रे, फोनचे ठिकाण, सारे परक्याच्या हाती जाई. या मोहिमेला ‘ऑपरेशन ट्रायँग्युलेशन’ असे नाव पडले. तिच्या जुन्यात जुन्या खुणा २०१९ पर्यंत मागे जात होत्या, आणि तिच्यासाठी तोवर निर्मात्यालाही अज्ञात असलेल्या चार त्रुटी वापरल्या गेल्या होत्या. त्यांतील एक त्रुटी अक्षरांचे वळण पडद्यावर काढणाऱ्या जुन्यापुराण्या भागात होती.

येथे एक प्रश्न सहज उद्भवतो. फोनधारकाने काहीच चूक केली नाही, तर त्याला दोष कसला? ‘अनोळखी लिंक उघडू नका’ ही सूचना भिंतीवर लावून काय साधले असते? काहीही नाही. आणि तरीही हा हल्ला उघडकीस आला, तो कसा आला हे लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. कॅस्परस्कीच्या कचेरीत मोबाइल फोनसाठी वेगळे वायफाय होते, आणि त्या वेगळ्या वायफायवरून कोणता फोन बाहेर कोणाशी बोलतो याची नोंद सतत ठेवली जात होती. त्या नोंदींत काही आयफोन अनोळखी ठिकाणांशी संपर्क साधताना दिसले, आणि तपास सुरू झाला. आयफोनच्या आत डोकावणे बाहेरच्या तज्ज्ञाला जवळपास अशक्य असते, म्हणून तपासणाऱ्यांनी फोनच्या बॅकअप प्रती काढून त्यांतून पुरावे शोधले. फोनने स्वतः काहीच सांगितले नाही. फोन ज्या जाळ्यातून बोलत होता त्या जाळ्याने सांगितले. वेगळे जाळे आणि त्याच्या नोंदी या दोन गोष्टी नसत्या, तर आणखी किती वर्षे ते फोन बैठकांच्या टेबलांवर पडून राहिले असते, याची कल्पना करावी.

अर्थात असे हल्ले महाग असतात आणि निवडक लोकांवर होतात. सामान्य संस्थेच्या वाट्याला येते ते अधिक साधे असते: व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिकेच्या किंवा वाहतूक दंडाच्या ई-चलनाच्या नावाने आलेली एपीके फाइल, म्हणजे अधिकृत प्ले स्टोअरला वळसा घालून थेट बसवले जाणारे ॲप. ते ॲप संदेश वाचण्याची परवानगी मागते, धारक ती देतो, आणि त्यानंतर येणारा प्रत्येक ओटीपी दुसऱ्याच्या हाती पोचतो. बँकखाते रिकामे होते तेव्हा तक्रार होते. पण त्याच फोनवर संस्थेच्या प्रणालीचे ओटीपी येत असतील, तर तेही गेले, हे ध्यानात कोण घेतो?

दुसरी वाट फोनच्या आतून जात नाही. ती खात्यांच्या सरमिसळीतून जाते, आणि गेल्या काही वर्षांतल्या मोठ्या घटना पाहिल्या तर हीच वाट अधिक वापरली गेली आहे असे दिसते. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर कंपनीच्या अंतर्गत प्रणालीत एक हल्लेखोर शिरला. कंपनीने नंतर सांगितले त्यानुसार, कंत्राटावर काम करणाऱ्या एका व्यक्तीच्या वैयक्तिक यंत्रात आधीच घातक प्रणाली शिरलेली असावी, तिने चोरलेला पासवर्ड काळ्या बाजारात विकला गेला असावा आणि हल्लेखोराने तो तिथे विकत घेतला असावा. पासवर्डपाठोपाठ दुसरी पायरी होती: प्रवेश मागणारी व्यक्ती खरी आहे का, असे विचारणारा संदेश त्या व्यक्तीच्या फोनवर येई. हल्लेखोर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिला, फोन पुन्हा पुन्हा विचारत राहिला, आणि अखेरीस एकदा ‘होय’ दाबले गेले. दमलेल्या माणसाचे एक बोट, एवढेच त्या दाराला कुलूप होते. त्याच वर्षी मे महिन्यात सिस्को कंपनीत असेच घडले. तिथे कर्मचाऱ्याचे वैयक्तिक गूगल खाते हल्लेखोराच्या हाती लागले, आणि ब्राउझरने कामाचे पासवर्ड त्या वैयक्तिक खात्यात जपून ठेवलेले होते. २०२३ च्या शरदात ओक्टा या कंपनीत, जिचा धंदाच इतर संस्थांच्या कर्मचाऱ्यांची ओळख पटवून देण्याचा आहे, एका कर्मचाऱ्याने कंपनीच्या संगणकावरील ब्राउझरमध्ये स्वतःचे गूगल खाते उघडले होते. एका महत्त्वाच्या खात्याचा पासवर्ड त्यात साठला, आणि त्यातून १३४ ग्राहकसंस्थांच्या फायलींपर्यंत परका पोचला.

या सर्वांहून अधिक विचार करायला लावणारे प्रकरण लास्टपासचे आहे. ही कंपनी लोकांचे पासवर्ड जपण्याचा व्यवसाय करते. ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती ज्या किल्ल्यांनी उघडता येत, त्या किल्ल्यांपर्यंत कंपनीतील केवळ ४ अभियंत्यांना प्रवेश होता. हल्लेखोराने त्यांपैकी एकाच्या घरचा संगणक गाठला. त्या संगणकावर चित्रपट व गाणी साठवून पाहण्यासाठी प्लेक्स नावाची प्रणाली होती, आणि तिच्यातील एका त्रुटीची दुरुस्ती २०२० मध्येच उपलब्ध झालेली असूनही त्या संगणकावर ती बसवलेली नव्हती. त्या वाटेने आत शिरून टंकलेल्या कळा टिपणारी प्रणाली बसवली गेली, आणि मुख्य पासवर्ड मिळाला. २०२२ च्या उत्तरार्धातील ही घटना आहे. यंत्र खिशातले नव्हते, घरातले होते. पण प्रश्न तोच. लाखो लोकांची गुपिते ज्या साखळीवर टांगलेली होती, तिची एक कडी एका माणसाच्या दिवाणखान्यात होती, आणि त्या दिवाणखान्यातील करमणुकीची प्रणाली अद्ययावत आहे का, हे पाहणे कोणाचेच काम नव्हते.

तिसरी वाट हल्लेखोराविनाही खुली असते. कचेरीतील इंटरनेटवर काही संकेतस्थळे बंद ठेवलेली असतात, म्हणून कर्मचारी फोनचा हॉटस्पॉट सुरू करतो, किंवा चार्जिंगसाठी फोन केबलने संगणकाला जोडून त्याच केबलवरून इंटरनेट घेतो. त्या क्षणी संस्थेच्या संगणकाला दोन दारे होतात: एक संस्थेच्या पहाऱ्यातले, दुसरे पहाऱ्याबाहेरचे. संस्थेने फायरवॉल, म्हणजे ये-जा करणारी माहिती तपासणारी यंत्रणा, कितीही मोठी रक्कम खर्चून घेतलेली असो, दुसऱ्या दारावर तिची नजर पोचत नाही. आणि व्हॉट्सॲप गटांचे काय? कर्जप्रकरणाची कागदपत्रे, विद्यार्थ्यांचे दाखले, रुग्णाचे अहवाल गटावर टाकले जातात. गटातील प्रत्येकाच्या फोनवर त्यांची प्रत उतरते. अनेक फोनवर ती घरच्या फोटोंत जाऊन बसते आणि तिथून धारकाच्या खासगी क्लाउड साठ्यात, म्हणजे दूरच्या सर्व्हरवरील साठवणीत, चढते. कोणी चोरी केलेली नाही, कोणी काही फोडलेले नाही, आणि तरी संस्थेची कागदपत्रे आता नेमकी किती ठिकाणी आहेत, हे संस्थेतील एकही माणूस सांगू शकणार नाही. हा धोका बातम्यांत येत नाही. महाराष्ट्रातील संस्थांपुरते बोलायचे तर तो सर्वांत मोठा आहे, असे प्रस्तुत व्याख्यानाचे ठाम मत आहे.

आता उपायांकडे वळावे. उपायांचा आरंभ फोनपासून न करता जाळ्यापासून करावा लागतो. जुन्या मराठी वाड्यात ओसरीवर कोणीही येऊन बसे, सदरेवर कामापुरती माणसे येत, माजघरात घरची, आणि धान्याच्या कोठीची किल्ली एकाच व्यक्तीच्या कमरेला. ओसरीवर बसलेल्यावर कोणाचा संशय नसे, कारण ओसरीवरून कोठीत जाता येतच नसे. संगणकांच्या जाळ्याचे असे भाग पाडणे यालाच विभाजन म्हणतात. भौतिक तारा तशाच ठेवून, स्विच आणि राउटर यांना सूचना देऊन एका जाळ्याची अनेक परस्परविलग जाळी करता येतात, आणि व्यवस्थापन करता येण्याजोग्या स्विचवर ही सोय बहुधा आधीपासूनच असते. ती फक्त कोणी सुरू केलेली नसते.

ती सुरू नसली म्हणजे काय होते? २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रणालीच्या अपडेटमधून नॉटपेट्या ही विध्वंसक प्रणाली पसरली, आणि मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या जगभरच्या जाळ्यातून ती धावत सुटली; तिचा फटका न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात त्याच समूहाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनललाही बसला, आणि उरणच्या बाजूला कंटेनरचे काम खोळंबले. पूर्व युरोपातील हिशेबनिसाच्या संगणकाचा रायगड जिल्ह्यातील क्रेनशी संबंध काय? संबंध एवढाच, की मधे भिंती पुरेशा नव्हत्या. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर हल्ला झाला. ५ सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, आणि देशातील सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकात सुमारे दोन आठवडे नोंदणी व अहवालांचे काम कागदावर चालले. सरकारने संसदेत दिलेल्या उत्तरात कारण सांगितले, ते जाळ्याचे सदोष विभाजन हे होते.

याच्या उलट उदाहरणही भारतातलेच आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये कुडनकुलम अणुविद्युत प्रकल्पाशी संबंधित एका संगणकात घातक प्रणाली आढळली. मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय अणुऊर्जा महामंडळाने ३० ऑक्टोबरला ते मान्य केले, आणि सांगितले की तो संगणक प्रशासकीय कामाच्या, इंटरनेटला जोडलेल्या जाळ्यावर होता, आणि ते जाळे प्रकल्पाच्या नियंत्रणयंत्रणेपासून विलग होते. शिरकाव दोन्हीकडे झाला. एकीकडे रुग्णांच्या रांगा लागल्या, दुसरीकडे अणुभट्टीपर्यंत काहीही पोचले नाही. शिरकाव कधीच होणार नाही, अशी हमी कोणीही देऊ शकत नाही. शिरलेला किती दूर जाईल, हे मात्र आधी ठरवता येते.

तेव्हा कर्मचाऱ्यांच्या फोनसाठी वेगळे वायफाय, पाहुण्यांसाठी आणखी वेगळे, आणि या दोन्हींवरून सर्व्हर, छपाईयंत्रे, सीसीटीव्ही कॅमेरे यांपैकी काहीही दिसू नये, ही पहिली पायरी. दुसरी पायरी अशी, की वायफायचा एकच पासवर्ड साऱ्या कचेरीला देऊन तो फळ्यावर लिहिण्याची पद्धत बंद करून प्रत्येक व्यक्तीला स्वतःच्या नावाने प्रवेश द्यावा, ८०२.१एक्स या मानकाने हे करता येते, आणि मग एखादी व्यक्ती नोकरी सोडून गेली की फक्त तिचाच प्रवेश बंद करता येतो. अनेक ठिकाणी यासाठी फोनच्या मॅक पत्त्याची, म्हणजे प्रत्येक यंत्राला कारखान्यात दिलेल्या क्रमांकाची, यादी ठेवतात. ही यादी आता निरुपयोगी झाली आहे, कारण २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन आपला खरा क्रमांक लपवून प्रत्येक वायफायला वेगळा क्रमांक सांगतात. धारकाच्या खासगीपणासाठी केलेली ती योग्यच सुधारणा आहे. संस्थांनी आपली पद्धत बदलायला हवी.

या विचाराचे पुढचे टोक गूगलने गाठले. २००९ च्या अखेरीस तिच्यावर झालेल्या आणि जानेवारी २०१० मध्ये तिने जाहीर केलेल्या हल्ल्यानंतर त्या कंपनीने ‘आतले जाळे सुरक्षित, बाहेरचे असुरक्षित’ ही कल्पनाच सोडून दिली, आणि बियाँडकॉर्प नावाची रचना उभारली. तीत कचेरीतल्या वायफायला कॅफेतल्या वायफायइतकीच किंमत असते. प्रत्येक वेळी, प्रत्येक कामासाठी, माणूस कोण आहे आणि त्याचे यंत्र सुस्थितीत आहे का, हे पुन्हा तपासले जाते. २०१० मध्येच फॉरेस्टर या संस्थेतील जॉन किंडरवॅग यांनी या विचाराला ‘झिरो ट्रस्ट’ हे नाव दिले. लहान संस्थेला एवढी उभारणी पेलणार नाही, आणि पेलण्याची गरजही नाही. तिच्या ईमेलला आणि हिशेबप्रणालीला सुरक्षा-किल्ली किंवा पासकी लावता आली, म्हणजे नुसते ‘होय’ दाबून चालणार नाही अशी ओळखपद्धती आणता आली, तरी उबरमध्ये उघडले गेले तसले दार बंद होते.

इथवर फोनला कोणी हात लावलेला नाही, हे श्रोत्यांच्या लक्षात आले असेल. तो क्रम हेतुपुरस्सर आहे. कारण फोनला हात लावण्याचा प्रश्न हा अधिकाराचा प्रश्न आहे. संस्थेच्या हाती असलेले साधन म्हणजे मोबाइल व्यवस्थापन प्रणाली, जिला व्यवहारात एमडीएम म्हणतात. ती फोनवर बसवली की संस्था दुरून नियम लावू शकते, माहिती पुसू शकते. ही प्रणाली जुन्या पद्धतीने, म्हणजे संपूर्ण फोनवर ताबा देऊन बसवली, तर संस्थेला फोनवरची ॲप्स दिसतात आणि सारा फोन पुसण्याचा अधिकार मिळतो. राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याच्या फोनमधून कामाच्या ईमेलबरोबर त्याच्या आईचे शेवटचे फोटोही पुसले गेले, तर त्याची भरपाई कोणते परिपत्रक करणार? कर्मचारी असे ॲप बसवायला घाबरतात, ते टाळतात, दुसरा जुना फोन दाखवतात, आणि खरा फोन लपून जाळ्यात येतो. अतिरेकी नियंत्रणाने संस्थेची नजर वाढत नाही, उलट तिच्यापासून लपवले जाते.

सुदैवाने तंत्रज्ञानाने यावर वाट काढली आहे, आणि ती दहा वर्षांहून जुनी असूनही येथे फारशी माहीत नाही. २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून फोनमध्ये ‘वर्क प्रोफाइल’ करता येते. कामाची ॲप्स आणि कामाची माहिती वेगळ्या कप्प्यात राहते, त्या ॲप्सच्या चिन्हावर ब्रीफकेसची छोटी खूण असते, आणि अशा वैयक्तिक फोनवर संस्थेचा अधिकार त्या कप्प्यापुरताच राहतो; ती त्यातली माहिती पुसू शकते, बाहेरचे फोटो पाहू शकत नाही. सुट्टीच्या दिवशी कर्मचारी तो कप्पा बंदही ठेवू शकतो. २०१९ मध्ये आयओएस १३ बरोबर ॲपलनेही याच धर्तीची नोंदणी आणली, जीत संस्थेला सारा फोन पुसताच येत नाही. अधिकाराची रेषा यंत्राच्या रचनेतच आखली गेली, म्हणजे ती कोणाच्या सद्भावनेवर अवलंबून राहत नाही.

कायदाही याच रेषेकडे बोट दाखवतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने वाजवी सुरक्षा न राखणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्याच अधिनियमात नोकरीच्या प्रयोजनासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीविना वापरण्याची मुभाही आहे. ही मुभा म्हणजे कर्मचाऱ्याचा सारा फोन उघडण्याचा परवाना, असा अर्थ काही संस्था लावतील, अशी भीती वाटते. तो अर्थ लावू नये. प्रयोजनापुरते घ्यावे, आणि काय घेतले ते कर्मचाऱ्याला त्याच्या भाषेत, मराठीत, एका पानावर लिहून द्यावे.

आता या विषयातील सर्वांत दुर्लक्षित बाजू. फोन सुरक्षित ठेवायचा तर तो अद्ययावत असायला हवा, आणि अद्ययावत राहणे ही पैशाची गोष्ट आहे. २०२३ पासून काही महागड्या फोनना ७ वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या देण्याचे आश्वासन मिळू लागले. सात-आठ हजार रुपयांच्या फोनला त्या फार थोडा काळ मिळतात, आणि नंतर तो फोन चालत राहतो, पण त्याच्या त्रुटी उघड्या राहतात. व्यवस्थापकाच्या हाती सुरक्षित फोन आणि शिपायाच्या, लिपिकाच्या, आशा सेविकेच्या हाती असुरक्षित फोन, पण दोघांचे जाळे एक आणि नियम एक. नियम मोडला म्हणून नोटीस कोणाला जाईल, ते सांगायला नको. २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले फोन परत करण्याचे आंदोलन केले. ते फोन कामाला अपुरे पडत होते, बिघडत होते, दुरुस्तीचा भार सेविकांवर येत होता, आणि पोषण ट्रॅकर ॲप त्यांच्यावर चालणे कठीण होते. त्या आंदोलनाची चर्चा मानधनाच्या आणि गैरसोयीच्या अंगाने झाली, ते योग्यच होते. पण गावागावातील बालकांची आणि गर्भवतींची माहिती ज्या यंत्रातून जाते, ते यंत्र धड असावे, ही मागणी माहितीसुरक्षेचीही होती, आणि ती या राज्यात सर्वांत स्पष्टपणे मांडली ती अंगणवाडी सेविकांनी.

म्हणून जिथे काम फोनविना होत नाही, तिथे फोन देणे किंवा त्यासाठी नियमित भत्ता देणे हा सुरक्षेवरचा खर्च मानावा. नागरी सहकारी बँका, पतसंस्था, शिक्षणसंस्था यांच्या अंदाजपत्रकात सर्व्हरसाठी रक्कम असते, फायरवॉलसाठी असते, फोनसाठी नसते. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये एटीएम आणि स्विफ्ट यंत्रणेच्या मार्गाने हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये गेले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबरसुरक्षेची मूलभूत चौकट जारी केली. मोठ्या यंत्रणांकडे त्यामुळे लक्ष गेले. कर्ज मंजूर करणाऱ्याच्या खिशाकडे अजून पुरेसे गेलेले नाही.

राहिला प्रश्न फोन हरवल्याच्या दिवसाचा. एप्रिल २०२२ मधील सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या निर्देशांनुसार अनधिकृत प्रवेश, माहितीची गळती अशा घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवाव्या लागतात, आणि प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. सहा तास कधीपासून मोजायचे, हे कागदावर सोपे आहे. प्रत्यक्षात ते कर्मचाऱ्याने तोंड उघडण्यावर अवलंबून असते. लोकलमध्ये फोन गेलेला लिपिक रात्री घरी पोचतो, सकाळी साहेब काय म्हणतील या विचाराने गप्प राहतो, दोन दिवस नवे सिमकार्ड मिळवण्यात घालवतो, आणि तोवर त्या फोनवरील संस्थेची ईमेल कोणी वाचत असेल तर वाचत राहते. त्याला आधी शिक्षा दिसते. फोन हरवल्याचे, चुकीची फाइल उघडल्याचे, घाईत ‘होय’ दाबल्याचे स्वतःहून कळवणाऱ्यावर कारवाई होणार नाही, असा ठराव संचालक मंडळाने करावा आणि तो सेवानियमांत घालावा. त्यासोबत रात्री-अपरात्री उचलला जाईल असा एक दूरध्वनी क्रमांक ठेवावा, आणि तो उचलणाऱ्या व्यक्तीला त्या कर्मचाऱ्याचे कामाचे खाते तत्क्षणी बंद करण्याचा, फोनमधील कामाचा कप्पा पुसण्याचा अधिकार, कोणाची सही न घेता, द्यावा. तो क्रमांक कर्मचाऱ्याच्या फोनमध्ये साठवून उपयोग नाही, कारण फोनच हरवलेला असतो. तो ओळखपत्राच्या मागच्या बाजूला छापावा.